धूर नंतर, आधी ब्रेक!

कॉलेजचा सेंड ऑफ असो, ट्रॅडिशनल डे असो किंवा ग्रुपमधल्या कुणीतरी नवी बाइक घेतलेली असो, पार्किंगमध्ये एक आवाज हमखास येतो. "भावा, एकदा धूर काढून दाखव ना!" मग गोल होतो, मोबाइल वर जातात. बाइकवरचा भाऊ पुढचा ब्रेक आवळतो, रेस चढवतो, क्लच सोडतो. बाइक जागच्या जागी, मागचं चाक मात्र गरागरा फिरतंय आणि टायरखालून पांढरा धूर निघतोय. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. त्याची रील रात्रीपर्यंत सगळ्या ग्रुप्सवर फिरते आणि डांबरावरचा काळा पट्टा पुढचा महिनाभर तिथेच असतो.

याला बर्नआउट म्हणतात, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी तो केला असेल, काहींनी शूट केला असेल, काहींच्या मनात "एकदा जमलं पाहिजे राव" असं असेल. यात मुलीही आल्या, कारण बाइकचं वेड आता फक्त मुलांची मक्तेदारी राहिलेलं नाही. तेव्हा "आईवडिलांचा विचार करा", "अभ्यासाकडे लक्ष द्या" असं लेक्चर आम्ही देणार नाही. ते तुम्ही घरी ऐकताच, आणि त्याने कुणाची बाइक थांबल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

बर्नआउटचं आकर्षण खोटं नाही, हे आधी मान्य करू. दीडशे-पावणेदोनशे किलोचं यंत्र तुमच्या दोन मुठींच्या इशाऱ्यावर नाचतं, ही भावना भारी असते. जत्रेतल्या 'मौत का कुआँ'भोवती आपले आजोबाही श्वास रोखून उभे राहायचे. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात मोटारसायकलवर मनोरा करून जाणारे जवान आले की घरातले सगळे टीव्हीसमोर सरसावून बसतात. दुचाकीवरचं कसब बघायला आपल्याला आवडतं आणि त्यात गैर काहीच नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. बर्नआउट शिकताना तुम्ही बाइकबद्दल नेमकं काय शिकता? आणि काय शिकायचं राहून जातं?

हा धूर आला कुठून?

बर्नआउट मुळात शो-बाजीसाठी जन्मलेला नाही. तो आला अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमधून. सरळ पट्टा, दोन गाड्या, सिग्नल हिरवा झाला की सुसाट. अशा शर्यतीत सुरुवातीच्या क्षणी मागच्या चाकाची पकड सुटली की शर्यत तिथेच संपते. म्हणून रेसर सुरू करण्याआधी चाक जागेवर फिरवतात. घर्षणाने रबर तापतं, मऊ होतं, वरची धूळ निघून जाते आणि टायर रस्त्याला चिकटतो. पूर्वी काही जण त्यासाठी टायरखाली ब्लीच ओतायचे. ते घातक आहे म्हटल्यावर पाणी वापरायला सुरुवात झाली. म्हणजे ज्याला आपण पकड सोडण्याचा खेळ समजतो, तो तिथे पकड वाढवण्याचा उपाय होता.

गंमत अशी की हा उपाय ड्रॅग रेसच्या खास मऊ टायरसाठी आहे. तुमच्या-आमच्या रोजच्या बाइकचा टायर बऱ्यापैकी कडक रबराचा असतो. त्याने हजारो किलोमीटर चालावं, ॲव्हरेज चांगलं द्यावं, खडीत फाटू नये यासाठी तो बनवलेला असतो. त्याला बर्नआउटचा काडीचा फायदा नाही. उलट प्रमाणाबाहेर तापलं की रबरातली तेलं आणि रसायनं जळून बाहेर पडतात. आपण टाळ्या वाजवतो तो पांढरा धूर म्हणजे तेच. ते सगळं आसपास उभे असलेले श्वासावाटे आत घेतात. मागे उरतो तो गुळगुळीत, कडक झालेला पट्टा.

आपल्याकडे हे वेड आलं त्यालाही आता बराच काळ लोटला. २००१ मध्ये पल्सर आली आणि कॉलेजच्या पार्किंगचा चेहराच बदलला. २००४ मध्ये 'धूम' आला. पुढे टीव्हीवर बाइक स्टंटचे रिॲलिटी शो आले. २०१२ मध्ये ड्यूक २०० आली आणि बाइकचा 'पिकअप' हा गप्पांचा रोजचा विषय झाला. या बाइक आपल्याच चाकणमध्ये बनतात. जगभर जाणारी यंत्रं आपल्या दारात तयार होतात, ती घ्यायला सोपे हप्ते मिळतात. ती चालवायला कुठे शिकायची, हे मात्र कुणी सांगत नाही. ते आपण सीनियरकडून, चुलतभावाकडून आणि आता रीलवरून शिकतो.

बाइकचं काय होतं?

बर्नआउट करणाऱ्याला वाटतं की फार तर टायर जरा झिजेल. प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्या ओळखीच्या कोणत्याही मेकॅनिकला विचारा.

उभ्या बाइकवर इंजिन जोरात फिरतं तेव्हा त्याला समोरून वारा मिळत नाही. एअर-कूल्ड इंजिन तर वाऱ्यावरच थंड होतं. त्यामुळे काही सेकंदांतच तापमान चढू लागतं. क्लच अर्धवट धरून चाक फिरवायचा प्रयत्न केला की क्लच प्लेट जळतात. तो वास रबराच्या वासात लपतो, म्हणून तेव्हा कळत नाही. चेन आणि स्प्रॉकेटवर झटके बसतात. टायर तर सरळ सरळ जळत असतो, आणि आधीच झिजलेला किंवा जुना असेल तर फाटतो. वेगात फिरणाऱ्या चाकावरून सुटलेला रबराचा तुकडा हा मऊ खोडरबर नसतो.

तरीही खर्चापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. बर्नआउटमध्ये टायर सगळीकडून सारखा झिजत नाही. बाइक सरळ उभी असते, त्यामुळे टायरचा फक्त मधला पट्टा झिजतो आणि सपाट होतो. दुचाकीचा टायर गोलाकार असतो त्याला कारण आहे. वळणावर बाइक झुकते तेव्हा ती त्या गोलाईवरून अलगद कलते. मधला भाग सपाट झाला की तिथे एक कड तयार होते. मग वळणावर बाइक कलताना आधी अडखळते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. कॉलेजच्या रस्त्यावर हे जाणवत नाही. पुढच्या रविवारी सगळा ग्रुप ताम्हिणीला निघाला, पावसाने रस्ता ओला आहे आणि वळणावर समोरून एसटी आली, की जाणवतं.

पावसाचंही तसंच. टायरवरची नक्षी दिसायला छान म्हणून दिलेली नसते. टायर आणि रस्ता यांच्यामधलं पाणी बाजूला काढणं हे त्या खाचांचं काम. दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर तो टायर नियमाने रस्त्यावर चालत नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बदलायचा. आज घरी गेल्यावर मागच्या टायरचा मधला भाग बघा. बर्नआउट केला नसला तरी बघा.

गर्दी चुकीच्या जागी उभी असते

बर्नआउटमध्ये बाइक उभी असते, म्हणून तो 'सेफ स्टंट' आहे असा एक समज आहे. व्हीलीत पडण्याची भीती, यात कसली? यात काय चुकू शकतं ते समजून घ्या.

बर्नआउट चालू असताना बाइक जागेवर असली तरी मागचं चाक रस्त्यावरच्या वेगाने फिरत असतं. तिला धरून ठेवलेलं असतं ते फक्त पुढच्या ब्रेकने, म्हणजे तुमच्या उजव्या हाताच्या एक-दोन बोटांनी. त्याच हाताने तुम्ही रेसही देत असता. बोट घसरलं, दचकून ब्रेक सुटला किंवा पुढचं चाक रेतीवर सरकलं, तर त्याच क्षणी मागच्या चाकाला पकड मिळते आणि बाइक बाणासारखी पुढे सुटते. पुढे कोण उभं आहे? बहुतेक वेळा शूट करणारा मित्र.

मागे उभे असलेलेही सुटत नाहीत. जागेवर फिरणारं चाक खालचे खडे, काच, रबराचे तुकडे मागे भिरकावतं. आणि धूर सगळ्यात छान दिसतो तो मागून, म्हणून गर्दी तिथेच जमते. मागचं चाक एका बाजूला सरकू लागलं की नवखा रायडर घाबरून पाय खाली टेकवतो. पायात असते चप्पल किंवा कॅनव्हासचे शूज. बाजूला तापलेला सायलेन्सर, उघडी चेन आणि वजनाने कलणारी बाइक. यातल्या जखमा जिवावरच्या नसतीलही, पण घोटा, नडगी आणि बोटं पुन्हा पहिल्यासारखी होतीलच असं नाही.

हे सगळं तुमच्याच ग्रुपबद्दल झालं. त्यांनी निदान बघायचं ठरवलेलं असतं. गेटसमोरून जाणाऱ्या काकू, रिक्षातून उतरणारी पहिल्या वर्षाची मुलगी, शेजारच्या चहाच्या टपरीवर काम करणारा पोरगा, यांना कुणी विचारलेलं नसतं. 'मौत का कुआँ'मध्ये लाकडी भिंत असते आणि प्रेक्षक तिच्या वर उभे असतात. ड्रॅग स्ट्रिपवर कठडा असतो, रुग्णवाहिका असते. रस्त्यावर प्रेक्षक आणि चाक यांच्यामध्ये काहीही नसतं.

शिकण्याचा क्रम उलटा झालाय

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे दुचाकी शिकताना प्रत्येकाला एक सल्ला मिळतो. "पुढचा ब्रेक दाबू नकोस हां, पडशील." बाबा सांगतात, मामा सांगतो, ड्रायव्हिंग स्कूलवालाही सांगतो. त्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षं फक्त पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. पुढचा ब्रेक असतो, पण त्याच्याशी ओळख नसते.

प्रत्यक्षात बाइक थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. त्याच वेळी मागचं चाक हलकं होतं, म्हणून नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होऊन घसरतं. "पडशील" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पुढचा ब्रेक झटक्यात, वळणावर, खडीवर दाबला तर पडायला होतं. बाइक सरळ असताना, टप्प्याटप्प्याने, मागच्या ब्रेकसोबत दाबला तर बाइक थांबते.

जरा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर कुणी आलं हे दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढं अंतर ब्रेक लागायच्या आधीच संपलं. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा साधारण २० मीटरमध्ये थांबू शकतो. फक्त मागचा ब्रेक वापरणाऱ्याला त्याच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. शहरातली मोठी बस १२ मीटरची असते. म्हणजे एक जण थांबलेला असतो, तेव्हा दुसऱ्याला आणखी दीड बस एवढी जागा हवी असते. ती जागा आपल्या रस्त्यांवर कुठे आहे ते तुम्हीच सांगा.

आता बर्नआउटकडे पुन्हा बघा. त्यात पुढचा ब्रेक लागतो, पण उभ्या बाइकवर. करकचून दाबला की झालं. चालत्या बाइकवर तोच ब्रेक किती दाबायचा, कधी थोडा सैल सोडायचा, चाक लॉक व्हायला लागलं तर बोटांना ते कसं कळतं, यातलं काहीही बर्नआउट शिकवत नाही. म्हणजे एखादा मुलगा बाइकचा टायर जाळू शकतो, पण ताशी ६० वरून तीच बाइक सरळ रेषेत थांबवू शकत नाही. गर्दीला तो 'प्रो' वाटतो. पुढच्या चौकात कुत्रं आडवं आलं की तो नवशिक्याच असतो.

लायसन्सच्या परीक्षेचाही इथे हातभार आहे. आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही, झालं. हळू वेगात तोल सांभाळता येतो का, एवढंच त्यात कळतं. वेगात असताना अचानक थांबता येतं का, हे कुणी विचारत नाही. "एबीएस आहे ना" असं आता ऐकायला मिळतं. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं झालं, ही चांगली गोष्ट. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. ब्रेक तुम्हालाच दाबावा लागतो आणि आयुष्यभर पुढच्या ब्रेकला घाबरलेला हात ऐनवेळी तो दाबतच नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारच्या अहवालातला आकडा आहे. त्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के होते. मृतांपैकी ६६.५ टक्के १८ ते ४५ या वयातले होते. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेल्यांची संख्या ५० हजारांवर होती. यातले बर्नआउट करताना गेलेले थोडेच असतील. बाकीचे सगळे कॉलेजला, कामाला, दळण आणायला किंवा ट्रिपला निघालेले होते. म्हणूनच आमचं म्हणणं आहे की तुमचा जीव ज्या कौशल्यावर टिकून आहे, ते आधी शिका.

रील डिलीट होते, गुन्हा होत नाही

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पार्किंगमधल्या गप्पांत तो "दोनशे रुपयांत मिटतं" इथवरच येतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक पद्धतीने वाहन चालवलं, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर कैद दोन वर्षांपर्यंत, दंड दहा हजार. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकार वाहन चालवण्याबद्दल वेगळं आहे. कुणाचा जीव गेला तर कलम १०६ लागतं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. अकरावी-बारावीत बाबांची बाइक घेऊन येणाऱ्यांनी कलम १९९ अ वाचून ठेवावं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आणि पुरावा गोळा करायला पोलिसांना कष्ट पडत नाहीत. नंबरप्लेटसकट रील तुम्हीच टाकलेली असते. पुढे पासपोर्ट किंवा सरकारी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, हे विचारलं जातं.

विम्याच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. टायर, क्लचची झीज आणि यंत्राचा बिघाड नेहमीच्या वाहन विम्यात येत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. स्वतःच्याच बेदरकार चालवण्यामुळे अपघात होऊन मरण पावलेल्या चालकाच्या कुटुंबाने भरपाई मागितली होती. ती नाकारणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. बाइकचे हप्ते मात्र माणूस गेला तरी घरच्यांना चुकत नाहीत.

मग शिकायचं कुठे?

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, "ठीक आहे, रस्त्यावर नको. मग कुठे?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देण्याची जबाबदारी फक्त तुमच्यावर टाकणं आम्हाला पटत नाही.

क्रिकेट खेळायला ग्राउंड असतं, कुस्तीला तालीम असते, पोहायला पालिकेचा तलाव असतो. बाइकच्या वेडासाठी आपल्या शहरांत काय आहे? सर्किटवर रीतसर शिकायचं तर आपल्याकडच्या मुलांना बहुतेकदा चेन्नई किंवा कोइमतूर गाठावं लागतं. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत, पण तिथे पोचणारे मोजके. ज्या राज्यात बाइक बनतात, तिथल्या मुलांना ब्रेक मारण्याचा सराव करायला दोनशे मीटरची बंद जागा मिळू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो दर थोड्या दिवसांनी पेपरात येतात. कारवाई हवीच. पण रोडरोलर फिरवून झाल्यावर एखादं मैदान महिन्यातून एक रविवार उघडून दिलं, तर ते जास्त उपयोगाचं ठरेल.

कॉलेजांनाही विचारायला हवं. दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम होतात. पोस्टर स्पर्धा, शपथ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, ग्रुप फोटो. त्याऐवजी एनएसएसच्या मुलांनी कॉलेजच्याच ग्राउंडवर किंवा सुटीच्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये चार शंकू ठेवून ब्रेकिंगचा सराव घेतला तर? आरटीओ आणि वाहतूक पोलिसांकडून माणूस बोलवा, बाइक कंपनीच्या डीलरला प्रशिक्षक पाठवायला सांगा. बाइक विकताना दाखवलेला उत्साह त्यांना इथेही दाखवू द्या. ज्यांना यंत्राचंच वेड आहे, त्यांनी आपल्या कॉलेजची बाहा टीम आहे का ते बघावं. मुलांनी स्वतः बनवलेली गाडी मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या ट्रॅकवर पळवतात. तिथे धूर निघाला तर तो का निघाला, हे शोधावं लागतं.

आणि ज्याला खरोखर बर्नआउटच शिकायचाय, त्यानेही वाट नीट धरावी. बंद जागा, जागामालकाची परवानगी, अनुभवी रायडर शेजारी, आयएसआय मार्कचं फुल-फेस हेल्मेट, ग्लोव्ह्ज, घोट्यावर येणारे बूट, बाइकच्या पुढे-मागे कुणीही नाही आणि हाताशी प्रथमोपचाराची पेटी. टायर काढून टाकायचाच असेल तो वापरायचा आणि सराव संपल्यावर दुसरा चढवूनच रस्त्यावर यायचं. हे सगळं जमवायला महिना गेला तरी जाऊ दे. स्टंट करणारे खरे रायडर एवढी तयारी करूनच उतरतात; रीलमध्ये शेवटचे पंधरा सेकंदच दिसतात, म्हणून बाकीचं आपल्याला माहीत नसतं.

तोपर्यंत एक काम करा. येत्या रविवारी सकाळी, रहदारी नसलेल्या मोकळ्या, कोरड्या मैदानावर किंवा आवारात, परवानगी घेऊन दोघं-तिघं जा. लायसन्स आणि हेल्मेट हवंच. जमिनीवर खडूने एक रेघ मारा. ताशी २० ने या, रेघेवर दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबा आणि बाइक कुठे थांबली तिथे खूण करा. दहा वेळा करा. मग ताशी ३० ने. जमलं की ४० ने. आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग दोन्ही ब्रेकने, असंही एकदा करून बघा. दोन खुणांमधलं अंतर स्वतःच्या पावलांनी मोजा. जो सगळ्यात आधी आणि सरळ रेषेत थांबेल, त्याला बाकीच्यांनी मिसळ खाऊ घालायची.

आणि पुढच्या वेळी पार्किंगमध्ये कुणी म्हणालं, "भावा, धूर काढून दाखव", तर त्याला त्या रेघेवर घेऊन या.